पंच्याहत्तरावा दिवा

नौपाड्यातल्या भाऊ आगाश्यांना एखादी गोष्ट कळली नाही, असं आजवर झालेलं नव्हतं. कळलेली गोष्ट पुढे चुकीची निघायची, ते वेगळं. गिझर, गुडघेदुखी, व्याह्यांचा स्वभाव, सगळ्याबद्दल त्यांचा स्वतःचा एक सिद्धांत असायचा आणि तो ते समोरच्याचा चहा संपेपर्यंत सांगायचे. गाडीच्या बाबतीतला सिद्धांत असा, की डॅशबोर्डवर लागणारे दिवे हे गाडीचं म्हणणं नसतं, गाडी बनवणाऱ्याची काळजी असते. काळजी करणारी माणसं फार बोलतात. त्यांचं किती ऐकायचं, ते आपण ठरवायचं.

त्या आठवड्यात मंगळवारपासून एक लाल दिवा अधूनमधून लागत होता. चोच असलेली, जराशी तिरकी झारी आणि चोचीच्या टोकाला एक थेंब, असं त्यावरचं चित्र. घोडबंदर रोडला साकेतकडे, म्हणजे मुलाकडे जाताना वळणावर लागला, सरळ रस्त्याला गेला. ब्रेक मारला की लागायचा, पाय काढला की जायचा. भाऊंनी त्याचा अर्थ तिथल्या तिथे लावून टाकला. त्यांच्या जुन्या स्कूटरला रिझर्व्ह होता. पेट्रोल संपलं की खालची कळ फिरवायची आणि आरामात घर गाठायचं. हा तेलाचा रिझर्व्ह. दिवा लागला म्हणजे गाडी रिझर्व्हला आली, अजून चाळीस-पन्नास किलोमीटर डोळे मिटून जाते. शिवाय रविवारीच त्यांनी बॉनेट उघडून, तेलाचं झाकण काढून, टॉर्च मारून आत पाहिलं होतं. आत काळं दिसलं. तेल काळंच असतं, त्यामुळे प्रश्न मिटला होता.

शनिवारी सकाळी मात्र गाडीचा विचार करायला भाऊंना फुरसत नव्हती, कारण सुमतीअक्काला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती.

अक्का म्हणजे भाऊंची मोठी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. डोंबिवलीला मुलाकडे, अनिमेषकडे राहायची. भाऊंना पाटीवर पहिला अ तिने काढायला शिकवला, शाळेत बोट धरून तिने नेलं, आणि पोहायला शिकताना विहिरीत ढकललंही तिनेच. तिच्या पन्नाशीला भाऊ बदलीच्या गावी होते. साठीला कारखान्यात बॉयलरची तपासणी निघाली. सत्तरीला निघाले वेळेवर, पण पोचले संध्याकाळी पाचला. सगळे पाहुणे गेलेले, आणि ओट्यावर भाऊंचं ताट वाढून, वर दुसरं ताट झाकून ठेवलेलं. अक्का एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ते झाकलेलं ताट गेली पाच वर्षं भाऊंच्या घशात अडकलं होतं.

म्हणून या वेळी त्यांनी स्वतःहून जबाबदारी मागून घेतली. पंच्याहत्तरीला पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळतात. ते कणकेचे दिवे, वाती, तेल, सगळं आम्ही आणतो, अकराच्या ठोक्याला दारात हजर, असं त्यांनी अक्काला फोनवर सांगितलं. ओवाळण्याची वेळ साडेबारापर्यंतच चांगली होती, आणि ओवाळून होईपर्यंत अक्का तोंडात काही घालणार नव्हती. एवढं ऐकून घेऊन अक्का फक्त म्हणाली होती, "बघू."

ते 'बघू' भाऊंना फार लागलं होतं. हेमा, म्हणजे त्यांची बायको, पहाटेपासून कणीक मळून दिवे वळत होती. पंचवीस-पंचवीसचे तीन डबे तिने मागच्या सीटवर ठेवले, तिळाच्या तेलाचा कॅन मांडीवर घेतला, आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली. भाऊंनी घड्याळ पाहिलं. त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

कळव्याच्या खाडीपुलावर चढताना दिवा लागला. पूल उतरताना जायला हवा होता, तो गेला नाही. हेमाचंही लक्ष गेलं. तिला गाडी येत नव्हती, पण झारी ओळखता येत होती. ती डॅशबोर्डकडे बघून म्हणाली, तेल घेतलंय मी. भाऊंनी तिला रिझर्व्हचा सिद्धांत समजावला. हेमाने तो आधीच्या इतर सिद्धांतांसारखा ऐकून घेतला आणि विचारलं, की मग जळाल्याचा वास कसला येतोय. भाऊ म्हणाले, कळव्याचा.

तेवढ्यात अनिमेषचा फोन आला. हेमाने तो स्पीकरवर टाकून भाऊंच्या तोंडासमोर धरला. बाजूला डंपर, मागे रिक्षांचे हॉर्न, त्यात ते बोलणं झालं. पुढची सगळी भानगड याच बोलण्याने केली, म्हणून ते जसंच्या तसं सांगतो.

"मामा, कुठपर्यंत आलात?"

"अरे, वेळेत निघालो. दिवा लागलाय."

"दिवा लागलं? एवढ्यात?"

"हो, पण काळजी करू नको. दिवा गेला की सांगतो."

डोंबिवलीच्या अलीकडचं दिवा गाव आलं, असं समजून अनिमेषने आत जाऊन अक्काला सांगितलं, की भाऊमामा दिव्याला पोचलासुद्धा, आता अर्ध्या तासात दारात. अक्काने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला नाही, पण पाट मांडायला सांगितलं. खरं तर नौपाड्याहून निघालेली गाडी मुंब्रा, शीळ करत दिव्याच्या फाट्याला वीस मिनिटांत कशी येईल, हा विचार डोंबिवलीत जन्म गेलेल्या अनिमेषला सुचायला हवा होता. पण मामा वेळेत निघाला, या बातमीनेच तो गडबडून गेला होता.

इकडे कळवा नाक्याच्या पुढे एक रिक्षा मनात येईल तशी वळली. भाऊंनी करकचून ब्रेक मारला. मागचा वरचा डबा सीटवरून खाली आला, झाकण उडालं, आणि बॉनेटच्या फटीतून निळसर धूर निघाला. इंजिनाच्या पोटात कुणीतरी चमचे वाजवत असल्यासारखा आवाज येऊ लागला. पण घड्याळात साडेनऊ होते आणि डोळ्यांपुढे झाकलेलं ताट होतं. त्यांनी पहिला गिअर टाकला.

रस्त्याच्या कडेला साईनाथचं गॅरेज होतं. हा तिशीतला, अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा माणूस हातातला पाना टाकून धावत आला, उघड्या खिडकीतून हात आत घातला आणि भाऊंना एका अक्षराने न विचारता चावी फिरवून गाडी बंद केली.

भाऊंनी त्याला सुनावलं, की रिझर्व्हवर अजून चाळीस किलोमीटर जाते. साईनाथने गाडी ढकलत कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि नुसता बाजूला झाला. आतलं सगळं तेलाने माखलेलं होतं. दिवाळीला अभ्यंगस्नानाला बसवलेल्या मुलासारखं इंजिन नखशिखांत चमकत होतं. आणि मधोमध, जिथे झाकण हवं, तिथे भोक होतं.

"काका, झाकण कुठंय?"

रविवारची सकाळ भाऊंना हळूहळू आठवू लागली. झाकण काढलं. टॉर्च मारला. तेवढ्यात साकेतचा फोन आला, आणि रेंज मिळेना म्हणून बोलत बोलत ते जिना चढून वर गेले. वर चहा होता. दुपारी खाली येऊन त्यांनी बॉनेट आपटून बंद केलं. यात झाकण लावल्याचं कुठेही आठवत नव्हतं. पण आठवडाभराच्या प्रवासात त्या भोकातून किती तेल उडत गेलं असणार, हे त्यांनाही कळलं. फार वाईट वाटलं त्यांना. वाईट वाटलं की भाऊ गप्प बसतात, त्यामुळे हेमाला परिस्थितीचं गांभीर्य लगेच समजलं.

साईनाथने मग समजावून सांगितलं, आणि हे मान्य केलं पाहिजे की चांगलं सांगितलं. पेट्रोल संपलं तर गाडी नुसती थांबते, परत भरलं की चालते. तेलाचं तसं नाही. तेल आतल्या लोखंडाला लोखंडापासून लांब ठेवतं. ते जोराने फिरत राहिलं पाहिजे. हा लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेल वर पोचत नाहीये ते सांगतो. "वळणावर लागत होता ना? तेव्हा तो हाक मारत होता. आता बोंब मारतोय. हा पेटला की जिथं असाल तिथं गाडी बाजूला, चावी बंद. अजून दोन मिनिटं ताणली असती ना काका, तर इंजिन भंगारात."

त्याने शेजारच्या दुकानातून तेल आणलं, ओतलं, पट्टी बुडवून भाऊंना दोन खुणांच्या मधली पातळी दाखवली. इंजिन वाचलं असावं, असं तो म्हणाला. पण झाकणाशिवाय चालू करायला साफ नाही म्हणाला. पुन्हा तेच होईल. फडकं कोंबू का, असं भाऊंनी विचारलं, तेव्हा त्याने त्यांना स्टुलावर बसवलं. झाकण ठाण्याहून मागवतो, दीड तास लागेल. त्याने फोन केला. पावणेदहा वाजले होते.

दीड तासाने सव्वाअकरा. मग मुंब्रा, शीळ, मानपाड्याची गर्दी. भाऊंनी हिशोब तीनदा केला आणि तीनही वेळा ते साडेबारा उलटून गेल्यावर पोचले. रिक्षा करावी म्हटलं, तर उघड्या झालेल्या डब्यासकट पंच्याहत्तर मऊ दिवे मांडीवर घेऊन त्या रस्त्याने जाणं म्हणजे अक्काला पिठाचा गोळा नेऊन देणं. ते स्टुलावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण इतका तो खचला होता.

सव्वादहाला अनिमेषचा फोन आला. तो स्कूटर घेऊन दिव्याच्या रेल्वे फाटकापाशी उभा होता आणि मामाची गाडी कुठे दिसत नव्हती. भाऊंनी सांगितलं, दिवा आता गेलाय, पण झाकण नाही. अनिमेषने विचारलं, दिव्याला झाकण कशाला हवंय. भाऊ म्हणाले, दिव्याला नाही रे, दिवा झाकण नसल्यामुळेच लागला. फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले, अनिमेष पलीकडे गेला, परत अलीकडे आला. शेवटी हेमाने फोन ओढून घेतला आणि आम्ही कळव्यात आहोत, दिवा गाडीतला आहे, एवढं दोन वाक्यांत सांगून टाकलं.

पाच मिनिटांनी अक्काचा फोन. भाऊंनी तो उभं राहून घेतला.

"भाऊ, काय झालंय ते मला नको सांगूस. दिवे तुझ्याकडे आहेत?"

"हो, अक्का."

"आणि तू आहेस?"

"आहे."

"मग तिथेच थांब. सत्तरीला तू वेळेवर आला नाहीस तर मी ताट झाकून बसले. आता मला भूक निघत नाही. मीच येते."

बारा वाजून पाच मिनिटांनी अनिमेषची गाडी गॅरेजसमोर थांबली. आतून अक्का उतरली. अंजिरी रंगाची पैठणी, नाकात नथ, हातात पाट. गॅरेजमध्ये सांडलेलं तेल चुकवत ती सरळ भाऊंपाशी आली आणि त्यांच्या गालावरचा काळा डाग पदराने पुसायला लागली. पैठणी आहे, हे हेमाने ओरडून सांगितलं तेव्हा डाग पदरावर आलेला होता.

साईनाथने गॅरेजमध्ये काडी ओढायला मनाई केली. मग पलीकडच्या भाजीवाल्या गंगुबाईंनी भाजीची चार क्रेट्स उलटी करून दिली आणि वर गोणपाट अंथरलं. हेमाने त्यावर ताटं मांडून दिवे लावायला घेतले. वाती लावल्या. तेल घालायला कॅन उचलला, रबरबँड काढला, झाकणाखालचं फडकं काढलं, आणि झाकण शेजारी ठेवलं.

साईनाथने ते पाहिलं. तो क्रेटजवळ आला. झाकण उचललं, उलटंसुलटं केलं. काळं, जाड, आणि वर तीच चोचीची झारी, तोच थेंब.

हेमा म्हणाली, कॅनचं मूळचं झाकण मोरीत गेलं होतं. हे रविवारपासून ओट्यावर पडलेलं. वर तेलाचं चित्र होतं, म्हणून तेलालाच लावलं. नीट बसत नव्हतं, म्हणून खाली फडकं घातलं. यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. डॅशबोर्डवर दिवा लागत होता तेव्हा हे झाकण तिच्या मांडीवर, डॅशबोर्डपासून हातभर अंतरावर होतं. भाऊंनी दोन तास स्टुलावर बसून ज्याची वाट पाहिली, ते कॅनवर आरामात बसून होतं. ठाण्याचं झाकण अजून यायचंच होतं.

साईनाथ गेला आणि झाकण इंजिनाला लावून आला. ते बरोबर बसलं.

अक्का पाटावर बसली होती आणि नजरेने दिवे मोजत होती. आयुष्यभर शाळेत पोरं मोजलेली बाई. तिने दोनदा मोजले आणि म्हणाली, चौऱ्याहत्तर. हेमाने मोजले. चौऱ्याहत्तरच. मागच्या सीटखाली अनिमेषला एक दिवा सापडला, पण तो ब्रेकच्या वेळी पडून कुणाच्या तरी चपलेखाली पोळी झाला होता. कणीक संपलेली. घड्याळात बारा वीस. एकाने काय होतंय, असं अनिमेष म्हणाला. अक्का म्हणाली, एक वर्ष होतं. चौऱ्याहत्तरीचं औक्षण मला करून घ्यायचं नाही.

भाऊ खाली मान घालून उभे होते. मग त्यांनी मान वर केली. सकाळपासून त्यांनी एकच गोष्ट खरी शिकली होती, आणि ती त्यांच्या कामी आली. साईनाथने पट्टी दाखवताना सांगितलं होतं, की चावी अर्धी फिरवली, इंजिन सुरू नाही केलं, तर हा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर तोच बिघडलाय.

ते गाडीत बसले, दार उघडं ठेवलं आणि चावी अर्धी फिरवली. लाल झारी लागली. तिच्यासोबत बॅटरीचा, हँडब्रेकचा आणि आणखी दोन दिवेही लागले. अक्का जवळ येऊन वाकली, मोजले, आणि म्हणाली, हे एकोणऐंशी होतात. साईनाथने कपाळाला हात लावला. मग त्याने चाकाखाली वीट घालून हँडब्रेक सोडला आणि उरलेल्या तीन दिव्यांवर काळी टेप चिकटवली. एकटी झारी उरली.

"हा कसला दिवा?" अक्काने विचारलं.

"तेलाचा," भाऊ म्हणाले. "बाकीचे दिवे तेल संपलं की विझतात. हा तेल संपलं की लागतो."

"मग माझ्या वयाला हाच बरोबर आहे," अक्का म्हणाली. आणि जाऊन पाटावर बसली.

हेमाने आणि गंगुबाईंनी तिला ओवाळलं. बारा सत्तावीस झाले होते. भाऊ पूर्ण वेळ ड्रायव्हरच्या जागी चावी धरून ताठ बसले होते, कारण त्यांचा दिवा विझू द्यायचा नव्हता. अक्काने पहिला घास हेमाच्या डब्यातल्या लाडवाचा घेतला, आणि उरलेला अर्धा लाडू खिडकीतून भावाच्या तोंडात कोंबला. त्याला फार रडू आलं. तोंडात लाडू असल्याने ते फारसं दिसलं नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा साईनाथ म्हणाला, मारा आता स्टार्टर, दिवा जाईल. भाऊंनी हात पुढे केला.

"हात लावू नकोस," अक्का म्हणाली. "ओवाळलेला दिवा विझवतोस?"

साईनाथने तिला समजावलं, की आजी, हा विझलाच पाहिजे, विझला तरच गाडी चांगली. अक्काने त्याला समजावलं, की दिवा आपणहून शांत होतो, त्याला कुणी फुंकर मारत नाही. दोघांचंही बरोबर होतं. भाऊंना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीच्या दोन्ही बाजू खरोखर कळल्या. ते चावी तशीच ठेवून गाडीतून उतरले आणि अनिमेषच्या गाडीत मागे, अक्काच्या शेजारी जाऊन बसले.

डोंबिवलीत जेवणं साडेतीनपर्यंत चालली. भाऊंचं ताट या वेळी झाकलेलं नव्हतं, अक्काच्या ताटाला लागून मांडलेलं होतं. चार वाजता साईनाथचा फोन आला. त्याने एवढंच सांगितलं, की काका, दिवा गेला, आणि बॅटरीपण गेली.

"शांत झाला," भाऊंनी फोन ठेवत अक्काला सांगितलं.

"आपणहून?"

"आपणहून."

"मग झालं," अक्का म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली.